स्टालिनला अशोकाची गोष्ट सांगणारा राजदूत

१९४९ साली जवाहरलाल नेहरूंनी सर्वपल्ली राधाकृष्णन यांना राजदूत म्हणून मॉस्कोला पाठवायचं ठरवलं. ही निवड कुणालाही कोड्यात टाकणारी होती. राधाकृष्णन साठीचे. ऑक्सफर्डमध्ये पौर्वात्य धर्म आणि नीतिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. आदल्याच वर्षी त्यांनी केलेला भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद सविस्तर टीकेसह प्रसिद्ध झाला होता. युनेस्कोच्या कामाचा अनुभव गाठीशी होता, पण परराष्ट्रसेवेचं रीतसर शिक्षण नव्हतं आणि रशियन भाषाही येत नव्हती. शाकाहारी, मद्याला न शिवणारा, लांब कोट आणि पांढरा फेटा घालणारा हा माणूस अशा राजधानीत जाणार होता, जिथे धर्म म्हणजे सत्तेच्या लेखी जुन्या समाजाचं उरलंसुरलं अज्ञान होतं.

तिथलं वातावरणही भारताला अनुकूल नव्हतं. सोव्हिएत लेखकांच्या मते दिल्लीतला कारभार म्हणजे झेंडा बदलून चालू ठेवलेलं इंग्रजांचंच राज्य होतं आणि गांधीजी प्रतिगामी होते. एप्रिल १९४९ मध्ये भारताने राष्ट्रकुलात राहायचं ठरवल्यावर हा ग्रह आणखी पक्का झाला. इकडे देशात बी. टी. रणदिवे यांच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्ट पक्षाने नेहरू सरकारविरुद्ध उठावाचा मार्ग धरला होता, तेलंगणात शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होता आणि सरकार कम्युनिस्टांना तुरुंगात टाकत होतं. भारताच्या पहिल्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित मॉस्कोत दोन वर्षं राहिल्या, पण स्टालिनने त्यांना एकदाही भेट दिली नाही. त्या नेहरूंच्या सख्ख्या बहीण होत्या, हे लक्षात घेतलं की या वागणुकीचा अर्थ कळतो.

मग अशा जागी तत्त्वज्ञ कशाला पाठवायचा? राधाकृष्णन यांचं सगळं आयुष्य पाहिल्यावर मला याचं उत्तर एका गोष्टीत दिसतं. विरोधकाच्या घरात जाऊन, त्याने मांडलेला आक्षेप आधी नीट ऐकून, त्याला समजेल अशा भाषेत आपली बाजू मांडणं हे काम ते विसाव्या वर्षापासून करत आले होते. राजनीतीत ते या बळावर उभे राहिले. त्यांना यश मिळालं ते यामुळेच, आणि अपयशही.

त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १८८८ चा, तिरुत्तणीचा. घर तेलुगू भाषक. वडील सर्वपल्ली वीरास्वामी जमीनदाराच्या पदरी साध्या नोकरीत. तिरुत्तणीला कार्तिकेयाचं प्रसिद्ध देवस्थान आहे, आणि पुढचं शालेय शिक्षण झालं ते तिरुपतीला. म्हणजे बालपण दोन तीर्थक्षेत्रांत गेलं, पण शाळा-कॉलेजं ख्रिस्ती मिशनची. तिरुपतीची लुथरन शाळा, वेल्लोरचं वूर्हीस कॉलेज आणि शेवटी मद्रास ख्रिश्चन कॉलेज. तत्त्वज्ञान हा विषयही त्यांनी ठरवून घेतला नव्हता. एक नातेवाईक तो विषय घेऊन पदवीधर झाला, त्याने आपली पुस्तकं दिली आणि पुस्तकांचा खर्च वाचतो म्हणून या मुलाने तोच विषय घेतला.

वर्गात शिकवणारे मिशनरी प्राध्यापक विद्वान होते आणि त्यांचा हिंदू धर्मावरचा आक्षेप थिल्लर नव्हता. जग जर माया असेल तर दुःखिताची सेवा कशासाठी करायची? सगळं कर्मफळ असेल तर अन्यायाविरुद्ध उभं का राहायचं? वेदान्तात नीतीला पाया आहे का? घरी पूजाअर्चा आणि कॉलेजात हे प्रश्न, अशा कात्रीत सापडलेल्या कितीतरी मुलांनी त्या काळात एक तर धर्म सोडला, नाहीतर कानांवर हात ठेवले. राधाकृष्णन यांनी तिसरी वाट धरली. एम.ए.साठी त्यांनी प्रबंधाचा विषय घेतला तो वेदान्तातील नीतिशास्त्र आणि त्यामागची तात्त्विक गृहीतं. प्राध्यापक ए. जी. हॉग यांना हा विषय रुचणार नाही अशी त्यांना धास्ती होती, कारण प्रबंध हॉग यांच्याच मांडणीला उत्तर देत होता. प्रत्यक्षात हॉग यांनी त्याची मनापासून प्रशंसा केली. १९०८ साली तो मद्रासमध्ये पुस्तकरूपाने छापला गेला तेव्हा लेखक वीस वर्षांचा होता.

समोरचा माणूस प्रामाणिक असेल तर त्याला विरोधही पचतो, हा धडा त्या विद्यार्थ्याने तिथे घेतला आणि तो त्यांना आयुष्यभर पुरला. एका अर्थाने थोडा जास्तच पुरला, पण ते पुढे येईलच.

नंतरची चढण वेगाने झाली. १९०९ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात नोकरी, १९१८ मध्ये म्हैसूरचं महाराजा कॉलेज. तिथून १९२१ साली सर आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना कलकत्ता विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर बोलावलं, तेव्हा म्हैसूरच्या विद्यार्थ्यांनी फुलांनी सजवलेली त्यांची गाडी स्वतः ओढत स्टेशनवर नेली. ‘इंडियन फिलॉसॉफी’चे दोन खंड १९२३ आणि १९२७ मध्ये लंडनहून निघाले. १९२६ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात, म्हणजे पुन्हा एका ख्रिस्ती संस्थेत, दिलेली व्याख्यानं ‘द हिंदू व्ह्यू ऑफ लाइफ’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि घरोघर पोचली. १९३६ मध्ये ऑक्सफर्डने नव्याने स्थापलेल्या स्पॉल्डिंग अध्यासनावर ते पहिले प्राध्यापक म्हणून बसले. त्याच वर्षी ब्रिटिश तत्त्वज्ञ म्यूरहेड यांच्यासोबत त्यांनी समकालीन भारतीय तत्त्वज्ञांच्या लेखांचा खंड संपादित केला. त्यात गुरुदेव रा. द. रानडे यांचाही लेख आहे. रानडे आणि राधाकृष्णन यांची तुलना करण्याचा मोह होतो. रानडे साधक होते, निंबाळच्या आश्रमाकडे ओढ असलेले. राधाकृष्णन यांचं सारं बळ संवादात, व्यासपीठावर, भर सभेत होतं.

त्यांच्या ग्रंथांबद्दल जाणकारांची तक्रार अशी की ते परंपरेतले कंगोरे घासून गुळगुळीत करतात. शंकराचार्यांचा मायावाद त्यांच्या हाती इतका सौम्य होतो की त्यातला नकार जवळपास नाहीसा होतो. ही तक्रार रास्त आहे. मिशनऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर देता देता घडलेलं हे तत्त्वज्ञान आहे आणि प्रश्नकर्त्याची सावली त्याच्यावर कायम राहिली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर. १९२९ साली कलकत्त्याचे तरुण अभ्यासक जदुनाथ सिन्हा यांनी आपल्या प्रबंधातला मजकूर ‘इंडियन फिलॉसॉफी’च्या दुसऱ्या खंडात उचलल्याचा जाहीर आरोप केला. दावे-प्रतिदावे झाले आणि १९३३ मध्ये प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. निकालच न लागल्यामुळे ती शंका त्यांच्या चरित्रात तशीच राहिली. घरातल्या उणिवाही होत्याच. पत्नी शिवकामू यांनी पाच मुली आणि एका मुलाचा संसार बहुतांशी मागे राहून सांभाळला. तो मुलगा, इतिहासकार सर्वपल्ली गोपाल, याने पुढे वडिलांचं चरित्र लिहिलं आणि वैवाहिक आयुष्यातल्या त्यांच्या दोषांवर पांघरूण घातलं नाही. आपल्याकडे मुलाने लिहिलेल्या चरित्रांत ही सचोटी विरळा, म्हणून त्या पुस्तकातल्या बाकीच्या गोष्टींवरही माझा अधिक विश्वास बसतो.

मॉस्कोच्या आधीची एक कसोटी सांगायलाच हवी. १९३९ मध्ये मदनमोहन मालवीय यांनी प्रकृतीमुळे बनारस हिंदू विद्यापीठाचं कुलगुरुपद सोडलं आणि राधाकृष्णन यांना गळ घातली. सुरुवातीच्या काळात ते कलकत्त्याची नोकरी सांभाळून आठवड्याअखेरीस बनारसला जात. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’चा वणवा पेटला तेव्हा बनारसचे विद्यार्थी त्यात आघाडीवर होते. संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर मॉरिस हॅलेट यांनी विद्यापीठ ताब्यात घेऊन तिथे युद्धकालीन रुग्णालय करण्याचा घाट घातला. राधाकृष्णन स्वतः ‘सर’ किताबाचे धनी, काँग्रेसचे सभासदही नव्हते. त्यांनी दिल्ली गाठली, थेट व्हाइसरॉयकडे बाजू मांडली आणि विद्यापीठ वाचवलं. किताब देणाऱ्या साम्राज्याकडे जाऊन, त्याच्याच विरुद्ध उठलेल्या विद्यार्थ्यांसाठी बोलायचं, हे सोपं नव्हतं.

१४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री संविधान सभेत नेहरूंचं ते गाजलेलं भाषण झालं. नेहरूंनी मांडलेल्या ठरावावर चौधरी खलिकुझ्झमान यांच्यानंतर राधाकृष्णन बोलले, आणि बाराचे ठोके पडायची वेळ येईपर्यंत बोलले. आनंदाच्या त्या घटकेलाही त्यांनी बजावलं की उच्चपदस्थांचा भ्रष्टाचार, वशिलेबाजी, सत्तेची हाव, नफेखोरी आणि काळाबाजार यांनी देशाची अब्रू घालवली आहे आणि ते मुळासकट उपटल्याशिवाय कारभार सुधारणार नाही. स्वातंत्र्य अजून काही मिनिटं दूर होतं!

मॉस्कोला जाईपर्यंत त्यांच्या हाताखालून आणखी एक मोठं काम गेलं. डिसेंबर १९४८ मध्ये विद्यापीठ शिक्षण आयोग त्यांच्या अध्यक्षतेखाली बसला. झाकीर हुसेन, मेघनाद साहा, लक्ष्मणस्वामी मुदलियार, ताराचंद अशी माणसं त्यात होती. ऑगस्ट १९४९ मध्ये अहवाल हातावेगळा करून राधाकृष्णन रशियाकडे निघाले. ऑक्सफर्डचं अध्यासन त्यांनी सोडलं नव्हतं. वर्षातले काही आठवडे तिथे जाऊन शिकवायचं, या अटीवरच त्यांनी राजदूतपद घेतलं. मॉस्कोत ते मेजवान्यांपासून दूर राहत आणि दिवसाचा बराच भाग पलंगावर बसून वाचण्या-लिहिण्यात घालवत. लिहिण्याची ही त्यांची जुनीच सवय. इतर देशांच्या राजदूतांना या माणसाचा उलगडा होत नसे.

जानेवारी १९५० मध्ये एका रात्री क्रेमलिनमधून बोलावणं आलं. ज्या दारात विजयालक्ष्मींना प्रवेश मिळाला नव्हता, ते नव्या राजदूतासाठी काही महिन्यांत उघडलं. श्रेय सगळं राधाकृष्णन यांचं नव्हे, जगही बदलत होतं. ऑक्टोबरात चीनमध्ये माओचं राज्य आलं होतं आणि डिसेंबरात भारताने त्याला मान्यताही दिली होती. आशियातला एक मोठा देश अमेरिकेच्या छावणीत जायला तयार नाही, हे मॉस्कोला दिसू लागलं होतं. पण उघडलेल्या दारातून आत जाऊन काय बोलायचं हे राजदूतानेच ठरवायचं असतं.

स्टालिनच्या दोन भेटी झाल्या, ही आणि एप्रिल १९५२ मधली निरोपाची. त्यांतली जी गोष्ट सर्वतोमुखी झाली ती अशी. राधाकृष्णन यांनी स्टालिनला सांगितलं की आमच्याकडे एक सम्राट होऊन गेला. रक्तपाताने मिळवलेल्या विजयानंतर त्याने युद्धाचा त्याग केला आणि धर्माची वाट धरली. तुम्हीही बळाच्या वाटेने सत्तेवर आलात, कोण जाणे, तुमच्याही बाबतीत तसं घडेल. स्टालिन हसला आणि उत्तरला की चमत्कार घडतात खरे, मीही पाच वर्षं धर्मशाळेत शिकलो आहे.

ही गोष्ट गोड म्हणून सांगितली जाते. मला ती गोड वाटत नाही, धाडसाची वाटते. कलिंगयुद्धानंतरच्या शिलालेखात अशोकाने स्वतःच आकडे कोरून ठेवले आहेत. १,५०,००० माणसं देशोधडीला लावली, १,००,००० मारली, आणि त्याच्या कितीतरी पट नंतर मेली. ज्या शासकाच्या राज्यात लाखो माणसं छळछावण्यांत होती, त्याच्या तोंडावर अशोकाचं नाव घेणं म्हणजे त्या आकड्यांची आठवण देणं. त्या वर्षांत स्टालिनसमोर बसलेला त्याचा स्वतःचा मंत्रीही शब्द तोलूनमापून बोलत असे. राधाकृष्णन यांनी आरोप केला नाही. पश्चात्तापाची वाट तुमच्यासाठीही मोकळी आहे, एवढंच सुचवलं. आणि स्टालिनने दिलेली माहिती खरी होती. १८९४ ते १८९९ ही वर्षं तो तिफ्लिसच्या ऑर्थोडॉक्स धर्मशाळेत शिकत होता. धर्माचं शिक्षण घेतलेली दोन माणसं त्या खोलीत समोरासमोर बसली होती.

निरोपाच्या भेटीत राधाकृष्णन यांनी स्टालिनचा गाल आणि पाठ थोपटली असंही सांगितलं जातं. आपल्याला राक्षस न मानता माणूस समजून वागणारा हा पहिलाच, अशा अर्थाचे उद्गार स्टालिनने काढले, अशी कथा आहे. पुढे वर्षभराच्या आत, ५ मार्च १९५३ रोजी, स्टालिन मरण पावला.

या गोष्टींच्या गर्दीत त्यांचं खरं राजनैतिक काम मात्र झाकलं गेलं आहे. २५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटलं. संयुक्त राष्ट्रांत चीनची जागा माओच्या सरकारला मिळत नाही म्हणून रशिया तेव्हा सुरक्षा समितीवर बहिष्कार टाकून बसला होता. राधाकृष्णन यांनी मॉस्कोत रशियन परराष्ट्र खात्याकडे आणि अमेरिकेच्या राजदूताकडे एकाच वेळी एक तोडगा मांडला. पेकिंगच्या माओ सरकारला जागा द्यावी, रशियाने समितीत परतावं आणि सगळ्यांनी मिळून युद्धबंदी घडवून कोरियाचा प्रश्न सोडवावा. नेहरूंनी तोच धागा धरून १३ जुलैला स्टालिनला आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अॅचेसन यांना पत्रं लिहिली. स्टालिनचा होकार लगेच आला. अॅचेसन यांनी नकार दिला. आक्रमणाचं बक्षीस म्हणून जागा देता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तोडगा बारगळला. स्टालिनच्या होकारामागे डावपेच होताच, शंका नाही. तरीही पुढे तीन वर्षं ते युद्ध चाललं, लाखो माणसं गेली आणि सीमा जिथे होती तिथेच जवळपास येऊन थांबली, हे पाहिलं की जुलै १९५० मधला तो प्रयत्न वाया गेला याची हळहळ वाटते.

इतर गोष्टी हळूहळू वळणावर आल्या. १९५१ मध्ये भारतात धान्याची भीषण टंचाई होती. अमेरिकेकडे मागितलेल्या २० लाख टन धान्यावर तिथली काँग्रेस महिनोन्महिने चर्चा करत होती, तेव्हा रशियाने गहू देऊ केला. जानेवारी १९५२ मध्ये सुरक्षा समितीत रशियाचे प्रतिनिधी याकोव्ह मलिक यांनी काश्मीर प्रश्नात अमेरिका आणि ब्रिटन ढवळाढवळ करत असल्याची उघड टीका केली. तोवर रशिया या प्रश्नावर मौन पाळून होता. याच सुमारास पडद्याआड आणखी एक भेट झाली होती. फेब्रुवारी १९५१ मध्ये अजय घोष, श्रीपाद अमृत डांगे, राजेश्वर राव आणि बसवपुन्नय्या हे कम्युनिस्ट नेते गुप्तपणे मॉस्कोला गेले आणि भारतात सशस्त्र क्रांतीची वेळ आलेली नाही असा सल्ला स्टालिनकडून घेऊन परतले. त्या वर्षाच्या अखेरीस तेलंगणातला लढा थांबला. दूतावासात बसलेल्या राजदूताचा या भेटीशी संबंध नव्हता. पण भारताकडे पाहण्याची मॉस्कोची नजर बदलत होती, आणि त्या बदलाच्या काळात भारताचा चेहरा म्हणून हा माणूस तिथे होता.

१९५२ मध्ये ते उपराष्ट्रपती झाले आणि राज्यसभेचे पहिले सभापती. आपण कुठल्याच पक्षाचे नाही, म्हणून सभागृहातल्या सगळ्याच पक्षांचे आहोत, असं त्यांनी आरंभीच सांगितलं. त्या सभागृहात मुंबई राज्यातून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, आणि १९५३ पासून नामनियुक्त सदस्य म्हणून महामहोपाध्याय पां. वा. काणेही. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा अखेरचा भाग १९६२ मध्ये पुरा झाला आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या कारकिर्दीत त्यांना भारतरत्न मिळालं. सभापती म्हणून त्यांनी कामकाज इतक्या आपुलकीने चालवलं की राज्यसभेच्या बैठका घरच्या मंडळींच्या बैठकीसारख्या वाटतात, असं नेहरूंनीच म्हटलं होतं.

१९५७ मध्ये उपराष्ट्रपती चीनला गेले. तिथे त्यांनी माओचा गाल थोपटला आणि त्याचं आश्चर्य पाहून सांगितलं की बिचकू नका, मी स्टालिनचा आणि पोपचाही असाच थोपटला आहे. मुत्सद्दी नटवरसिंग तेव्हा पेकिंगच्या भारतीय दूतावासात होते आणि हा प्रसंग त्यांनी लिहून ठेवला आहे. पाच वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६२ रोजी, त्याच माओच्या सैन्याने लडाखमध्ये आणि नेफात (आजच्या अरुणाचल प्रदेशात) एकाच वेळी हल्ला चढवला.

राधाकृष्णन यांना राष्ट्रपती होऊन तेव्हा पाच महिने झाले होते. २६ ऑक्टोबरला त्यांच्या सहीने देशात पहिल्यांदा आणीबाणी जाहीर झाली. ते आघाडीजवळच्या भागात जाऊन जवानांना भेटले. आणि परतल्यावर, राष्ट्रपती सहसा बोलत नाही असं उघडपणे बोलले. आपला भाबडेपणा आणि आपली हयगय या पराभवाला कारणीभूत आहेत, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं. ज्या नेहरूंनी त्यांना मॉस्कोला पाठवलं, उपराष्ट्रपती आणि राष्ट्रपती केलं, त्यांच्याच सरकारवर हा ठपका होता. कृष्ण मेनन यांना संरक्षण खात्यातून दूर करावं, याही मताचे ते होते. ७ नोव्हेंबरला मेनन यांचा राजीनामा झाला आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून यशवंतराव चव्हाण २१ नोव्हेंबरला संरक्षणमंत्री झाले, नेमका चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्या दिवशी.

भाबडेपणाचा तो ठपका बरोबर होता. पण तो नेहरूंवर जितका लागू होता तितका थोडा त्यांच्या स्वतःवरही होता, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. समोरचा कितीही कठोर असो, त्याच्यातल्या माणसापर्यंत पोचता येतं, ही श्रद्धा हॉग यांच्या वर्गात खरी ठरली होती, व्हाइसरॉयच्या दालनात ठरली होती, क्रेमलिनमध्येही काही अंशी ठरली होती. पेकिंगमध्ये ती चालली नाही. शिवाय त्यांच्या सहीने आलेली ती आणीबाणी युद्ध थांबल्यावरही उठली नाही. भारत संरक्षण कायद्याखाली माणसं खटल्याविना डांबली जात राहिली आणि ती घोषणा मागे घेतली गेली थेट जानेवारी १९६८ मध्ये, ते पायउतार झाल्यानंतर. व्यक्तिस्वातंत्र्यावर एवढं लिहिणाऱ्या तत्त्वज्ञाने राष्ट्रपती असताना ती उठवण्यासाठी अधिक आग्रह धरायला हवा होता.

घटनेच्या चौकटीत राहून राष्ट्रपतीला किती करता येतं याचं सर्वात चांगलं उदाहरण मात्र १९६५ चं आहे, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. घटनेने दिलेली पंधरा वर्षांची मुदत संपून २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही केंद्राची मुख्य राजभाषा होणार होती. मद्रास राज्य पेटलं. तरुणांनी अंगावर तेल ओतून जाळून घेतलं, गोळीबारांत कित्येक मेले. सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेसन या दोन केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे दिले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी ते स्वीकारण्याच्या शिफारशीसह राष्ट्रपतींकडे पाठवले. राधाकृष्णन यांनी ते स्वीकारू नयेत असा सल्ला शास्त्रींना दिला. राजीनामे परत गेले, दोघे मंत्रिमंडळात राहिले आणि शास्त्रींनी आकाशवाणीवरून देशाला ग्वाही दिली की अहिंदी राज्यांना हवी तितकी वर्षं इंग्रजी चालू राहील. दोन्ही मंत्री गेले असते तर दक्षिणेत दिल्लीबद्दल काय भावना झाली असती याचा विचार करून पाहावा. हे सारं बंद दाराआड झालं. राष्ट्रपतीने पंतप्रधानाला हरवलं असं बाहेर कुणालाही वाटलं नाही, आणि त्यातच त्या सल्ल्याचं यश होतं.

त्यांच्या पाच वर्षांत देशाने तीन पंतप्रधान पाहिले आणि दोनदा गुलझारीलाल नंदा यांना हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ द्यावी लागली. मे १९६४ मध्ये नेहरू गेले, जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्री गेले. दोन्ही वेळा सत्तांतर कुठलाही खळगा न पडता झालं, दोन युद्धं आणि दुष्काळ अंगावर असताना. नव्या प्रजासत्ताकासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

२५ जानेवारी १९६७ रोजी, निवडणुका तोंडावर असताना, राष्ट्रपतींनी प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येचं भाषण केलं. सर्वत्र पसरलेली अकार्यक्षमता आणि देशाच्या साधनसंपत्तीची ढळढळीत नासाडी यांना क्षमा नाही, असं त्यांनी त्यात सांगितलं. बिहारात तेव्हा दुष्काळ होता, आदल्या वर्षी रुपयाचं अवमूल्यन झालं होतं. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री ज्या रोगांची नावं त्यांनी घेतली होती, त्यांचंच निदान वीस वर्षांनी राष्ट्रपतिभवनातून पुन्हा सांगावं लागलं. काँग्रेसच्या नेत्यांना ते झोंबलं. फेब्रुवारीत लोकसभेच्या ५२० जागांपैकी काँग्रेसला २८३ मिळाल्या आणि एकामागून एक राज्यं हातची गेली. राधाकृष्णन यांना दुसऱ्यांदा राष्ट्रपती करावं असं काँग्रेसचे अध्यक्ष कामराज यांच्यासारख्यांना वाटत होतं, पंतप्रधान इंदिरा गांधींचा कल झाकीर हुसेन यांच्याकडे होता. राधाकृष्णन यांनी आपण उभे राहणार नसल्याचं जाहीर केलं आणि १३ मे १९६७ रोजी झाकीर हुसेन यांच्या हाती पद सोपवलं. १९४८ च्या आयोगात हेच झाकीर हुसेन त्यांच्या शेजारी बसले होते.

ते मद्रासला मैलापूरच्या ‘गिरिजा’ या आपल्या घरी परतले. मद्रास राज्यातही आता काँग्रेसचं सरकार उरलं नव्हतं, द्रमुकचे अण्णादुराई मुख्यमंत्री झाले होते. शिवकामू १९५६ मध्येच वारल्या होत्या. शेवटची वर्षं आजारपणात गेली. १९७५ मध्ये त्यांना टेंपलटन पुरस्कार मिळाला. मदर तेरेसा आणि ब्रदर रॉजर यांच्यानंतरचे ते तिसरे मानकरी आणि ख्रिस्ती नसलेले पहिले. पुरस्काराची रक्कम ऑक्सफर्ड विद्यापीठाला देण्यात आली. १७ एप्रिल १९७५ रोजी मद्रासमध्ये त्यांचं निधन झालं.